सुट्टीआधी ताटात: शाळेच्या परसबागेची फेब्रुवारीतली आखणी

फेब्रुवारीच्या सुरुवातीला टोकलेला लाल भोपळा पिकून काढणीला यायला साधारण शंभर दिवस घेतो. म्हणजे मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडतो. तेव्हा शाळेच्या फाटकाला कुलूप असतं, पाण्याची मोटर बंद असते आणि ज्या मुलांनी बी लावलं ती मामाच्या गावी गेलेली असतात. हिवाळा सरताना शाळेत केलेली लागवड फसते ती बहुतेक वेळा अशीच. बियाणं चांगलं असतं, मुलांचा उत्साह तर विचारायलाच नको, पण पिकाचे दिवस आणि शाळेचे दिवस कुणी शेजारी ठेवून पाहिलेले नसतात.

म्हणून आखणीची सुरुवात शेवटाकडून करावी. 2025 साली राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या आणि मे लागताच सुट्टी सुरू झाली. तेव्हा पोषण आहार शिजण्याचा शेवटचा आठवडा एप्रिलचा तिसरा-चौथा धरावा आणि तिथून मागे मोजत यावं. भेंडीचा पहिला तोडा पेरणीनंतर पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी येतो आणि पुढे किमान महिनाभर तोडे चालतात. एवढे दिवस मागे मोजले की बोट येऊन थांबतं ते जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यावर. तीच भेंडी 1 मार्चला लावली तर परीक्षेच्या गडबडीत एक-दोन तोडे मिळतील आणि ऐन बहरात शाळा बंद होईल. महिनाभराचा उशीर म्हणजे इथे अख्खं पीक हातचं जाणं.

हिंगोली जिल्ह्यात या दिवसांना आणखी एक महत्त्व आहे. संक्रांतीच्या आगेमागे तूर काढून होते आणि रानारानांत तुराट्यांचे ढीग लागतात. वसमत, कळमनुरी, औंढा भागात हळदीचा पाला कापून काढणीची तयारी सुरू होते. सोयाबीनचं भुसकट खळ्यावर पडूनच असतं. परसबागेला लागणारं निम्मं सामान, म्हणजे कुंपण, मांडव आणि आच्छादन, जानेवारीत गावात फुकट मिळतं. मार्चमध्ये शोधायला गेलं तर तुराट्या चुलीत गेलेल्या असतात आणि पाला रानातच पेटवून दिलेला असतो. सामान गोळा करण्याचं काम पेरणीच्या पंधरा दिवस आधीच उरकलेलं बरं.

आता पाण्याकडे वळू. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साधारण साडेआठशे-नऊशे मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. वसमतकडचा बराचसा भाग पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर भिजतो. सेनगाव किंवा औंढ्याच्या डोंगराळ पट्ट्यातल्या शाळेला मात्र मार्चनंतर हातपंपाचाच आधार असतो. त्यामुळे 'किती वाफे करायचे' हे रिकामी जागा बघून ठरवू नये, रोज हाताशी असलेल्या पाण्यावरून ठरवावं. हिशेब सोपा आहे आणि तो सहावी-सातवीच्या मुलांकडूनच करून घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मार्चच्या उन्हात आच्छादन घातलेल्या वाफ्याला रोज चौरस मीटरमागे पाच-सहा लिटर पाणी धरावं, एप्रिलमध्ये सात-आठ. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला म्हणजे मार्चमध्ये सोळा-सतरा लिटर आणि एप्रिलमध्ये बावीस-तेवीस लिटर.

ऐंशी पटाची शाळा धरली आणि दर मुलामागे हात व ताट धुण्याचं एक लिटर पाणी धरलं, तर ऐंशी लिटर पाणी रोज दुपारी मोरीतून वाहून जातं. त्यात तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेलं वीस-पंचवीस लिटर मिळवलं की शंभराचा आकडा गाठला. एवढ्यावर मार्चमध्ये सहा वाफे तगतात. एप्रिलमध्ये चारच तगतील. याचा अर्थ सहापैकी दोन वाफ्यांत अशी पिकं घ्यावीत जी मार्चअखेर संपतील आणि पुन्हा पेरायची नाहीत. पालक, मेथी आणि कोथिंबीर या कामाला अगदी योग्य.

सांडपाणी वापरताना एक फरक पाळावा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झारीने थेट पालेभाजीला चालतं. साबणाचं पाणी खडी, वाळू आणि कोळसा भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून घ्यावं, आणि ते भेंडी-गवारीच्या बुंध्याशी किंवा केळी-पपईच्या आळ्यात सोडावं; पानांवर आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर टाकू नये. भांडी राखेने किंवा अगदी थोड्या साबणाने घासली तर हे पाणी आणखी निर्धास्तपणे वापरता येतं. त्यासाठी स्वयंपाकी ताई आणि मदतनीस यांना आखणीच्या पहिल्याच बैठकीत सोबत घ्यावं. परसबाग टिकते की नाही हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर असतं आणि त्यांना मात्र कुणी विचारत नाही.

दुसरा हिशेब ताटाचा. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी मिळायला हवी, सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम. ऐंशी लहान मुलांना म्हणजे दिवसाला चार किलो. आता तीन चौरस मीटरच्या वाफ्यातली भेंडी बघा: नीट सांभाळली तरी सगळ्या तोड्यांची मिळून तीन-चार किलो. अख्ख्या हंगामाची भेंडी एका दुपारी संपते! परसबागेने शाळेची सगळी भाजी भागेल असं गावाला सांगणं म्हणजे दोन महिन्यांनी तोंडघशी पडणं होय. केंद्र सरकारने 2019 मध्ये शालेय परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातही मुलांनी पिकवणं, ओळखणं आणि खाणं यांवर भर आहे. बाजारहाट बंद व्हावा हा त्यामागचा उद्देश नाही.

मग कोणतं पीक लावलं तर थोड्या जागेत ताटात फरक दिसेल? इथे पालेभाज्या बाजी मारतात. पालकाच्या तेवढ्याच वाफ्यातून एका कापणीला किलो-दीड किलो पालक निघतो. नुसती भाजी करायची तर तो अपुरा, पण खिचडीत दर मुलामागे पंधरा ग्रॅम बारीक चिरून घातला की ऐंशी मुलांना बाराशे ग्रॅम पुरतो. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापता येतो. कोथिंबीर, कढीपत्ता, शेवग्याचा पाला, लिंबू ही याच जातीची पिकं आहेत: वजनात थोडी, पण वरणाचा आणि खिचडीचा नूर पालटणारी. लिंबाची फोड पिळली की पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते, हे मुलांना विज्ञानाच्या तासाला सांगण्याऐवजी पंगतीत सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

तरीही भेंडीचा एक वाफा हवाच, आणि हिंगोलीत तर तो परभणीच्या वाणाचा हवा. 1999 पर्यंत हा जिल्हा परभणीचाच भाग होता. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या भेंडीचा एका रानटी भाऊबंदाशी संकर केला, पुढे कित्येक पिढ्या निवड केली आणि 1985 मध्ये 'परभणी क्रांती' हा वाण शेतकऱ्यांना मिळाला. त्या काळी भेंडीच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाने पिकंच्या पिकं जात होती आणि हा वाण त्या रोगाला दाद देत नव्हता. इतक्या वर्षांत ती ताकद थोडी उणावली आहे, पण घरचं बी धरता येणारा सरळ वाण म्हणून त्याचं मोल आजही आहे. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलेलं संशोधन आपल्या शाळेच्या वाफ्यात उगवतंय, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी टोकावं. माती अठरा-वीस अंशांपेक्षा गार असली की बी उगवायचं सोडून कुजतं, म्हणून कडाक्याची थंडी सरेपर्यंत घाई करू नये. हिंगोलीत जानेवारी संपताना तो काळ येतो. दोन ओळींत तीस सेंटिमीटर आणि दोन झाडांत पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवावं. एका जागी दोन बिया टोकून पुढे एकच रोप राखावं. ही विरळणी मुलांच्या जिवावर येते. उगवलेलं रोप उपटायचं कशाला, असं ती विचारतात. अशा वेळी एका कोपऱ्यात चार जागी दोन्ही रोपं तशीच ठेवावीत आणि महिन्याने दोन्हीकडच्या झाडांची उंची मोजायला लावावी.

बियाण्याबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळायला हवी. दुकानातलं गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसणारं बी बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते मुलांच्या हातात देऊ नये. प्रक्रिया न केलेलं बी मागून घ्यावं किंवा गावातल्या घरांतून जमवावं. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र कळमनुरी तालुक्यातच आहे; वाण आणि बियाण्याबद्दल शंका असेल तर तिथल्या तज्ज्ञांना विचारावं. पेरणीआधी आठवडाभर उगवण तपासावी: ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वीस बिया मांडाव्यात, गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि सहा-सात दिवसांनी मोड मोजावेत. वीसपैकी चौदा-पंधरांना मोड आले तर बी चांगलं. दहाच आले तर दुप्पट टोकावं. शेकडेवारीचा धडा इथे आपोआप होऊन जातो.

वाफ्यांच्या आकाराबद्दल बऱ्याच शाळांत एक सवय पडलेली दिसते: पावसाळ्यातले गादीवाफे बघून उन्हाळ्यातही तसेच उंच वाफे करायचे. पावसाळ्यात पाणी निचरून जावं म्हणून वाफा उचलतात. फेब्रुवारीनंतर मात्र प्रत्येक झारी तिथेच मुरायला हवी, म्हणून वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खोल घ्यावा आणि कडेने मातीचा बांध घालावा. रुंदी मीटरभरापेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसलेल्या मुलांचे हात मधोमध पोचतात आणि वाफ्यात पाय पडत नाही. कयाधूकाठची काळी भारी माती असेल तर तिला आधी पाणी द्यावं आणि वाफसा आल्यावरच कुदळ लावावी. ओली असताना खणली तर तिची विटेसारखी ढेकळं बनतात, अगदी कोरडी खणली तर कुदळ उसळते. मूठभर माती दाबून गोळा झाला आणि बोटाने हलकेच फुटला की वाफसा आला. ही परीक्षा आजोबांना बरोबर ठाऊक असते. त्यांनाच एखाद्या शनिवारी शाळेत बोलवावं. मुरमाड माळावरच्या शाळेत मातीपेक्षा खताकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. तिथे एका वाफ्याला सात-आठ किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं आणि जमल्यास गाळाची माती आणावी. कच्चं शेण घालू नये, त्याने हुमणी आणि वाळवी येते.

सहा वाफ्यांची वाटणी मग अशी बसते. एकात पालक. एकात अर्धी मेथी, अर्धी कोथिंबीर. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकळ्या करून पेरावेत. तिसऱ्यात तांदूळजा आणि आंबट चुका. उन्हं वाढली की मेथी रुसते, तांदूळजा मात्र जोर धरतो, आणि पंचवीस-तीस दिवसांत कापणीला येतो. चौथ्यात भेंडी. पाचव्यात गवार आणि चवळी: गवारीला पाणी कमी लागतं, 'पुसा नवबहार' हा तिचा जुना भरवशाचा वाण आहे, आणि बुटकी वाढणारी 'पुसा कोमल' चवळी दीड-दोन महिन्यांत शेंगा देते. पालेभाज्यांचं सगळं बी एकदम टाकू नये. वाफ्याचा अर्धा भाग 1 फेब्रुवारीला, उरलेला 15 तारखेला पेरावा, म्हणजे एकाच आठवड्यात ढीग आणि पुढे शुकशुकाट असं होत नाही.

सहावा वाफा काकडी आणि दोडक्याचा. तुराट्यांचे जुडगे सुतळीने बांधून त्यांचा तंबूसारखा मांडव करावा. कापसाच्या पऱ्हाटीपेक्षा तुराटी सरळ असते आणि तिची टोकं मुलांना लागत नाहीत. वेल फुलावर आले की इथे निरीक्षणाचं मोठं काम निघतं. आधी येतात ती नुसती देठावरची नर फुलं. आठवडाभराने मादी फुलं दिसतात, त्यांच्या मागे इवलीशी काकडी किंवा दोडका आधीच धरलेला असतो. काकडीची फुलं सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. आसपास मधमाश्या कमी असतील तर मुलांनी सकाळी नर फूल तोडून त्याचा पराग काकडीच्या मादी फुलाला लावावा आणि त्या फुलाला रंगीत दोरा बांधावा. दोरा बांधलेली फळं किती धरली आणि न बांधलेली किती गळली, हे चार दिवसांत कळतं.

कोबी, फ्लॉवर आणि वाटाणा फेब्रुवारीत लावायचा मोह टाळावा. त्यांना लागणारी थंडी संपलेली असते. टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपं आता लावली तर फळं एप्रिलच्या मध्याला दिसू लागतात आणि बहर सुट्टीत येतो. ती पिकं पावसाळ्यावर ठेवलेली बरी.

रोपं बोटभर उंच झाली की आच्छादन घालावं. हळदीचा वाळलेला पाला यासाठी फार चांगला. पानं लांब आणि रुंद असल्याने ती वाऱ्याने उडत नाहीत. दोन ओळींच्या मध्ये चार बोटं जाड थर द्यावा, बुंध्याभोवती मात्र जागा मोकळी ठेवावी. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या पिकाचा पाला शाळेच्या वाफ्याची ओल धरतो. पाला नसेल तर सोयाबीनचं भुसकट चालेल. दुपारी आच्छादनाखाली आणि उघड्या मातीवर थर्मामीटर ठेवून दोन आकडे फळ्यावर लिहावेत.

मार्चमध्ये भेंडीवर मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी येणारच. केवडा रोग पांढरी माशीच पसरवते, म्हणून शिरा पिवळ्या झालेलं झाड लगेच उपटून दूर पुरावं. शाळेच्या आवारात रासायनिक फवारणी नकोच. पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवावी, सकाळी पिळून गाळावी, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा घालावा आणि मोठ्या माणसाने ते संध्याकाळी फवारावं. त्या आधी भाजी तोडून घ्यावी. मोकाट जनावरांसाठी तुराट्यांचं दाट कुंपण पुरेसं आहे. बोरी-बाभळीच्या काट्या लहान मुलांच्या वावराच्या जागी लावू नयेत.

कामाची वेळही ठरलेली असावी. शनिवारी सकाळची शाळा असते आणि 'आनंददायी शनिवार' उपक्रमाला बागेइतकं चांगलं निमित्त मिळणार नाही. खुरपणी, मोजमाप आणि तोडणी नऊच्या आत आटोपावी. रोजच्या पाण्यासाठी पाच-सहा मुलांचा एकेक गट, एकेक वाफा आणि वाफ्यापाशी लावलेली एक वही एवढं पुरे. वहीत पेरणीची तारीख, उगवण, दिलेलं पाणी आणि तोडलेल्या भाजीचं वजन लिहावं. सेवाग्रामच्या 'आनंद निकेतन' शाळेत, जिथे 1937 च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली नई तालीम 2005 पासून पुन्हा रुजवली गेली, शेतीकाम हा अभ्यासाचाच भाग आहे. भाषा, गणित, विज्ञान हे विषय तिथे कामाच्या ओघात येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला तेवढा वेळ मिळणार नाही हे खरं, पण वाफ्याची वही गणिताच्या तासाला उघडणं कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे.

बी धरण्याचा विचार मार्चमध्येच करावा, एप्रिलमध्ये उशीर होतो. भेंडीची सर्वांत निरोगी दोन-तीन झाडं निवडून त्यांच्यावरच्या पहिल्या काही भेंड्या तोडायच्या नाहीत, दोरा बांधून ठेवायच्या. फुलानंतर पस्तीस-चाळीस दिवसांत त्या वाळून खडखडतात, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा सुटण्याआधी. एकाच वाणाची भेंडी लावलेली असेल तरच हे बी शुद्ध राहतं. संकरित बियाण्याच्या झाडाचं बी धरू नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरांतलं गावरान बी असंच जपलं, त्याची बँक उभी केली आणि त्यांना 2020 च्या पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आलं. वाळलेलं बी राखेत घोळून काचेच्या बरणीत भरावं आणि बरणीवर वाण, वर्ष आणि वर्गाचं नाव लिहावं.

सुट्टीत जगवायची झाडं मोजकीच असावीत: आधीचा शेवगा, कढीपत्ता, एखादं लिंबू. त्यांच्या आळ्यात तळाला बारीक भोक पाडून वात ओवलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा आणि तो भरण्याची पाळी शाळा व्यवस्थापन समितीतल्या, शाळेजवळ राहणाऱ्या पालकांनी घ्यावी; कोणत्या आठवड्याला कोण, हे एप्रिलच्या बैठकीतच कागदावर यावं. नवी झाडं उन्हाळ्यात लावू नयेत. त्यांच्यासाठी शाळा सुटण्याआधी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन ठेवावेत, वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी आणि दीड महिना त्यांना ऊन खाऊ द्यावं. मुलं किंवा जनावरं पडू नयेत म्हणून खड्ड्यांवर तुराट्या आडव्या टाकाव्यात. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की वरची माती आणि दोन घमेली शेणखत मिसळून खड्डा भरावा आणि शेवगा-पपईची रोपं लावावीत.